बोलणे आणि न बोलणे



मौनाविषयी तासभर बोलावयाचे म्हणजे भर पंगतीत बसून उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, याची मला पुरेपूर जाणीव आहे. त्यातून ही वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, ती माणसांनी चार गोष्टी चव्हाट्यावर येऊन बोलाव्यात आणि दुसऱ्याचे बोलणे बसून ऐकावे म्हणून. तेव्हा या व्यासपीठावरून मौनाची भलावण करण्याचा माझा विचार नाही. 'बोलणे हे रुपे आणि न बोलणे हे सोने' अशा प्रकारची सुभाषिते मला कधीच फारशी पटलेली नाहीत. कोणाच्या न बोलण्याविषयी आपण बोलत आहोत, हे त्यांत कधी सांगितलेलेच नसते.

आपल्या भाषेने मात्र हा भेद फार बारकाईने केलेला आहे. मौन, मूकपणा, स्तब्धता, निःशब्दता हे झाले ग्रंथांतले शब्द. घरातले आणि रस्त्यावरचे शब्द पाहा. जाणूनबुजून, भीतीपोटी किंवा सोयीपोटी जो गप्प राहतो तो 'मूग गिळून बसतो'. विचारले तरी जो उत्तरच देत नाही त्याने 'तोंडात मिठाची गुळणी धरलेली' असते. ज्याला बोलण्याची मुभाच नाही त्याला 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार'. कोणी 'चकार शब्द काढीत नाही', कोणी 'ब्र काढीत नाही'. या साऱ्यांत आवाज नाही एवढेच समान आहे. बाकी एकाचे न बोलणे हा गुन्हा, दुसऱ्याचा तो हट्ट आणि तिसऱ्याचे ते दुःख.

आणि मग 'अबोला'. हा शब्द म्हणजे मराठी संसाराचे एक मार्मिक लेणे आहे असे मला वाटते. अबोला हा नुसता धरता येत नाही, तो कोणाशी तरी धरावा लागतो. एकट्या माणसाला मौन पाळता येईल, अबोला धरता येणार नाही. नवराबायकोत अबोला असला म्हणजे घरातले लहान मूल तारायंत्राचे काम करते. "बाबांना सांग, पान वाढलं आहे" असे आई म्हणते, तेव्हा बाबा दोन हातांवर बसलेले असतात आणि त्यांना ते स्पष्ट ऐकू आलेले असते. तरीही मूल निरोप पोचविते, आणि "सांग, येतो म्हणावं" असे उत्तर घेऊन जाते. या प्रकारात शब्दांची काटकसर मुळीच नाही, उलट नेहमीपेक्षा दुप्पट शब्द खर्ची पडतात. परंतु जे सांगावयाचे ते त्या शब्दांत नसते. थेट बोलण्याची जी जागा रिकामी ठेवलेली असते, तीच सर्व काही सांगत असते.

ही रिकामी जागा आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वी हेरली. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि काव्याचा आत्मा ध्वनी होय असा सिद्धांत मांडला. घंटेवर टोला पडतो, टोला थांबतो आणि मागे अनुरणन राहते, तसा शब्द आपला वाच्य अर्थ सांगून थांबला की त्यामागून दुसरा अर्थ घुमू लागतो. या विवेचनात आनंदवर्धन कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तील एक प्रसंग घेतो. शिवाने पार्वतीला मागणी घालण्याकरिता सप्तर्षींना हिमालयाकडे पाठविलेले आहे. अंगिरा ऋषी विवाहाचा विषय काढतात. पार्वती वडिलांच्या शेजारीच उभी आहे. ती काय म्हणते? काहीच नाही. मान खाली घालून ती हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजते. जिने या विवाहासाठी उग्र तप केले, ती मुलगी आता पाकळ्या मोजते आहे. लाज, आनंद, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून चाललेली धडपड, हे सगळे त्या मोजण्यात येते. तिच्या मनाची स्थिती सांगणारा एखादा शब्द कालिदासाने तिथे घातला असता तर तिचे सारे तेज उतरले असते.

परंतु एक गोष्ट निसटू देऊ नका. पार्वतीचे न बोलणे अर्थपूर्ण होते, कारण अंगिरा बोलत असतात. पाच सर्ग कवी बोलत आलेला असतो, आपल्याला तिचे तप माहीत असते. नुसती एक मुलगी उभी राहून कमळाच्या पाकळ्या मोजते आहे, एवढेच सांगितले तर त्यातून काहीच निघावयाचे नाही. आजकाल मौनाला स्वयंभू मानून त्याची जी पूजा होते, तिच्यात हा भाग विसरला जातो.

संगीतात तर हे व्याकरणच होऊन बसले आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी पडते. नवव्या मात्रेवर मात्र टाळी द्यावयाची नाही, हात नुसता बाजूला उघडून दाखवावयाचा. तिला आपण खाली म्हणतो. तबलजी तिथे काही थांबत नाही, त्याची बोटे चालूच असतात. पण डग्ग्याची जी घुमारदार आस इतका वेळ ठेक्याला तोलून धरीत होती, ती मिटते. 'धिं'चा 'तिं' होतो. कानाला एकदम पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखे वाटते, आणि पुन्हा डग्गा बोलू लागला की श्रोत्याला कळते, आता सम आली. जो कधीही ताल शिकलेला नाही असा माणूसही समेवर बरोबर मान हलवितो. त्याला सम कोणी सांगितली? त्या मिटलेल्या डग्ग्याने.

कुमार गंधर्वांचे गाणे ज्यांनी समोर बसून ऐकले असेल त्यांना याच्याही पलीकडचा अनुभव असेल. हा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसाच गाई. लोक थक्क होत. देवधर मास्तरांकडे तालीम झाली, नाव झाले, आणि पंचविशीच्या आतच क्षयाने गाठले. १९४८ मध्ये ते हवापालटासाठी माळव्यात देवासला जाऊन राहिले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद. ज्या वयात गवई मैफिली मारीत हिंडतो त्या वयात हा गवई खाटेवर पडून राहिला होता. तिथे माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानी पडू लागली. तीन-चार सुरांत फिरणाऱ्या त्या धुनांतून राग कसा उगवतो हे ते न्याहाळीत राहिले. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा लहानपणीचा नकलाकार संपलेला होता. १९६५ साली त्यांचा 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला. त्यातल्या कित्येक रचनांचे मूळ देवासच्या त्या वर्षांत आहे.

त्यांच्या गाण्यातल्या थांबण्याचे कारण त्यांचे अधू झालेले फुप्फुस, असे सांगण्याची एक पद्धत आहे. ते अर्धेच खरे. लांब पल्ल्याची तान घेता येत नाही म्हणून छोटे तुकडे घेणे हे श्वासाचे कारण झाले. परंतु दोन तुकड्यांच्या मध्ये कोठे थांबावयाचे आणि तो थांबा किती ताणावयाचा, हे फुप्फुस ठरवीत नाही. ते थांबत तेव्हा तंबोरे एकदम ऐकू येऊ लागत. इतका वेळ ते वाजतच होते, पण आपण ते ऐकत नव्हतो. (आजच्या मैफिलींत ध्वनिक्षेपकाचा कर्णा एवढा मोठा असतो की तंबोराही दंगा करू लागतो. पण तो विषय निराळा, आणि संयोजकांपैकी काही येथे समोरच बसले आहेत.)

चित्रपटाने मात्र आपल्यासमोर एक मजेदार प्रयोग करून ठेवला आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तो मूकपट. मधूनमधून पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत आणि बाकीचे सारे चेहऱ्याने व हातवाऱ्यांनी चालावयाचे. तारामतीचे काम करणारे अण्णा साळुंके हे पुरुष होते. मूकपटाला हे खपून गेले, आवाज असता तर थोडे कठीण झाले असते. पुढे १९३१ साली 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला, आणि १९३२ साली प्रभात कंपनीने पहिला मराठी बोलपट काढला, तो कोणता? 'अयोध्येचा राजा'. म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच! आता तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. एकोणीस वर्षांच्या आत तीच कथा एकदा मुकी आणि एकदा बोलकी होऊन आपल्यापुढे आली.

कथेची निवड योगायोगाने झाली असेल, तथापि ती मला सूचक वाटते. हरिश्चंद्राची सारी विपत्ती एका शब्दातून आलेली आहे. दिलेला शब्द. तो मागे घेतला की सर्व काही परत मिळणार आहे. मूकपटात हा शब्द ऐकूच येत नाही, दिसतात ते फक्त त्याचे परिणाम: राज्य गेले, बायकोमुलाचा लिलाव झाला, मसणवट्यात मुलाचे प्रेत आले. बोलपटात शब्द ऐकू येतो, पदे ऐकू येतात, आणि त्याबरोबर समर्थनही ऐकू येते. बोलपटाने अभिनय मारला अशी हळहळ तेव्हा पुष्कळांनी केली. मला ती हळहळ अतिरेकी वाटते. पडद्यावर खरी शांतता बोलपट आल्यावरच शक्य झाली. मूकपटात सगळेच मुके, तेव्हा एखादा गप्प बसला हे कळावयाचे कसे? १९८७ साली सिंगीतम श्रीनिवासराव यांनी 'पुष्पक' नावाचा एकही संवाद नसलेला चित्रपट काढला, तो आपल्याला विलक्षण वाटला, कारण त्यात रस्त्यावरचे आवाज, दारांचे आवाज, सारे काही होते. फक्त माणसे बोलत नव्हती.

आतापर्यंत मी जी उदाहरणे दिली ती सुखाची होती. ज्यांना बोलता येत होते त्यांनी न बोलण्याची निवड केली, किंवा कलावंताने त्यांच्यासाठी ती केली. परंतु ज्यांना निवडच नव्हती त्यांचे काय? आपल्याकडे सासुरवाशिणीने वर मान करून बोलावयाचे नाही, असा दंडक पिढ्यान् पिढ्या चालला. ती पहाटे उठे, अंधारात जात्याला बसे, आणि जात्याची घरघर सुरू झाली की तिच्या तोंडून ओवी निघे. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, नवऱ्याचा स्वभाव, विठ्ठल, सीता, सगळे त्या ओवीत येई. दिवसा जे बोलले असते तर मार खावा लागला असता, ते पहाटे सुरावर म्हटले तर घरात कोणी हरकत घेत नसे. दगडावर दगड फिरण्याचा तो आवाज तिला आडोशासारखा होता. साने गुरुजींनी अशा ओव्या मन लावून गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एक लाख! ज्या बायांविषयी आपण 'बिचारी कधी ब्र काढीत नसे' असे कौतुकाने सांगतो, त्यांनी एवढे बोलून ठेवले आहे. मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बाईच्या खांद्यावरचे मोठे कष्ट गेले, आणि ते गेले हे चांगलेच झाले. परंतु पहाटेची ती बोलण्याची जागाही त्याबरोबर गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी जागा आपण तिला लगेच दिली असे काही म्हणता येत नाही.

येथे मला विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाकडे वळावयाचे आहे. १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली 'रंगायन'ने ते प्रथम केले, आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. नाटकाच्या नावातच शांततेचा हुकूम आहे. एक हौशी नाटकमंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास आलेली. वेळ आहे म्हणून गंमतीखातर एक खोटा खटला चालवू असे ठरते, आरोपी म्हणून बेणारेला उभी करतात, आरोप भ्रूणहत्येचा. आणि बघता बघता तो खेळ खरा होऊन बसतो. बेणारे अविवाहित आहे आणि तिला दिवस गेलेले आहेत, हे बाहेर येत जाते.

या नाटकात कोण बोलते आणि कोण गप्प आहे, एवढ्याच दृष्टीने ते एकदा पाहा. सुरुवातीला बेणारे अखंड बोलत असते. गावातल्या त्या साध्याभोळ्या सामंताशी ती इतकी बोलते, हसते, गाते की ही बाई कशाला तरी भीत असली पाहिजे असा संशय यावा. न्यायाधीश झालेले काशीकर बायकोने तोंड उघडले की तिला गप्प करतात. हे इतक्या सहजपणे चालते की प्रेक्षक हसतो. आणि सर्वांत मोठे मौन आहे ते प्रोफेसर दामले यांचे. ते रंगमंचावर येतच नाहीत. बेणारेच्या पोटातल्या मुलाचे वडील तेच, आणि मंडळींच्या न्यायालयात आरोपीचा वकील म्हणून काम करणारेही तेच. ज्याने तिच्या बाजूने बोलावयाचे तोच गैरहजर. म्हणून सुखात्मे दोन्ही पक्षांची वकिली एकटेच करतात, आणि ती किती कळकळीने करतात हे आपण जाणताच! खटला रंगू लागतो तशी बेणारे बोलेनाशी होते. प्रश्नामागून प्रश्न येतात आणि ती उत्तर देत नाही.

शेवटी काशीकर उदार होऊन आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद देतात. सारी मंडळी जागच्या जागी थिजतात आणि बेणारेचे ते दीर्घ स्वगत येते. तिचे आयुष्य, मामाने केलेली फसवणूक, दामले, देह, मूल, सर्व काही. मग दहा सेकंद संपतात, मंडळी हलू लागतात, आणि पोटातले मूल नष्ट करण्याची शिक्षा सुनावली जाते. म्हणजे ती बोलली कधी? प्रेक्षकांनी ऐकले, रंगमंचावरच्या एकानेही ऐकले नाही. न्यायालयाच्या दप्तरी नोंद व्हावयाची असती तर 'आरोपीने काही सांगितले नाही' अशीच झाली असती.

हे स्वगत तेंडुलकरांच्या मनात आधी नव्हते. देशपांडे यांच्या आग्रहाखातर ते लिहिले गेले, हे त्यांनीच पुढे सांगितलेले आहे. नाटककाराचा कल असा की ही बाई येथे बोलणार नाही. दिग्दर्शकाचा हट्ट असा की तिला बोलू दिलेच पाहिजे. कलेच्या काटेकोर दृष्टीने नाटककाराचे बरोबर होते असे मानणारे आजही आहेत. त्यांचे म्हणणे मला समजते. गप्प राहिलेली बेणारे अधिक भेदक झाली असती, शेवटचा पडदा अधिक जड झाला असता. तरीही मी देशपांडे यांच्या बाजूचा आहे. अडीच तास बाकीची सर्व माणसे तिच्याविषयी बोलत असतात. तिच्या मौनाचा अर्थ लावावयाचे काम आपल्यावर सोपविले असते, तर आपणही तो आपल्या सोयीने लावला असता, आणि काशीकरांच्याच बाकावर जाऊन बसलो असतो. ते स्वगत हा तडजोडीचा मार्ग आहे, पण काय विलक्षण तडजोड! तिला बोलूही दिले आणि ती बोलल्याचे कोणाला कळूही दिले नाही.

मौनाचा अर्थ दुसराच कोणी लावतो, ही भीती रंगभूमीपुरती नाही. १९७५ साल आठवा. पवनारला विनोबांनी १९७४ च्या डिसेंबरात एक वर्षाचे मौन धरले होते. त्या मौनातच जून महिन्यात आणीबाणी आली. महाभारतातल्या एका पर्वाचे नाव, 'अनुशासनपर्व', एवढाच शब्द त्यांच्याकडून बाहेर आला आणि सरकारी भिंतींवर झळकू लागला. आणीबाणीला विनोबांचा आशीर्वाद आहे असा त्याचा अर्थ देशभर पोचविला गेला. मौन सुटल्यावर, १९७६ च्या जानेवारीत आचार्यांचे संमेलन भरले तेव्हा, अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन, असा खुलासा विनोबांनी केला. पण तोवर तो शब्द दुसऱ्यांच्या मालकीचा झालेला होता. विनोबांच्या हेतूविषयी शंका घेण्याइतका मी धीट नाही. एवढे मात्र म्हणेन की ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्या मौनालाही वजन असते, आणि ते वजन कोणत्या पारड्यात टाकावयाचे हे गप्प बसलेल्या माणसाच्या हाती उरत नाही.

त्याच दिवसांत दुसऱ्या प्रकारचे न बोलणेही झाले. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले तेव्हा २८ जून १९७५ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. तिथे एक अक्षर नव्हते, आणि वाचकांना सारे समजले. सेन्सॉरलाही समजले, म्हणून पुढे कोरी जागा सोडण्यासही मनाई झाली. छापलेल्यावर बंदी घालणारे पुष्कळ पाहिले, न छापलेल्यावर बंदी घालण्याची पाळी यावी हा त्या कोऱ्या चौकोनाचा मोठाच सन्मान समजला पाहिजे.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. लोकसाहित्याच्या त्या गाढ्या अभ्यासक. जात्यावर बसलेल्या बाईने आडोशाने काय म्हणून ठेवले आहे, हे त्यांच्याइतके जाणणारे आपल्यात थोडेच झाले असतील. जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते. नुकतीच तुरुंगातून त्यांची सुटका झाली होती, आणि त्यांचे नाव मोठ्याने घेणेही लोकांना धोक्याचे वाटत होते. दुर्गाबाईंनी त्या भरल्या मंडपात, सत्तेतली माणसे उपस्थित असताना, त्यांचे नाव घेतले आणि त्यांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करण्यास सभेला सांगितले. प्रार्थनेला कोणता कायदा लावणार? माणसे गप्प राहिली ती एका बाईने बोलून दाखविल्यावर, आणि कशासाठी गप्प आहोत हे प्रत्येकाला ठाऊक असताना. पुढल्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.